फंक्शन-संयोजनाची चिन्हे आणि कोडची वाचनीयता

दोन फंक्शन जोडून त्यांचे तिसरे फंक्शन बनवणाऱ्या चिन्हाला संयोजन-चिन्ह म्हणतात. गणितात ते ∘ असे लिहितात: (फ ∘ ग)(क्ष) = फ(ग(क्ष)). म्हणजे आधी ग चालते, मग फ. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत याच कामासाठी टिंब वापरतात आणि क्रमही गणितासारखा उजवीकडून डावीकडे असतो. एफ-शार्प आणि एल्म या भाषांत >> डावीकडून उजवीकडे जोडते, << उलट दिशेने.

त्यांच्याच शेजारी दिसणारे |> मात्र संयोजन करत नाही. ते हातातले मूल्य पुढच्या फंक्शनला देते. एलिक्सिर भाषेत हे मूल्य पहिल्या आर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या मूल्याच्या) जागी बसते, एफ-शार्पमध्ये शेवटच्या. ओकॅमल भाषेच्या ४.०१ आवृत्तीत (२०१३) आणि आर (R) भाषेच्या ४.१.० आवृत्तीत (२०२१) हे चिन्ह मूळ भाषेतच आले.

देवगडच्या हापूस बागायतदारासाठी पेट्यांचा हिशेब लिहायचा आहे असे धरू. तोडणीच्या फळांतून डागी फळे काढायची, उरलेली वजनाच्या उतरत्या क्रमाने लावायची आणि पाच डझनांची पेटी भरायची. कंसांनी लिहिले तर ते असे होते:

घे 60 (वजनाने_लाव (डागी_वगळ फळे))

हे आतून बाहेर वाचावे लागते. एफ-शार्पच्या धर्तीवर:

पेटी_भर = डागी_वगळ >> वजनाने_लाव >> घे 60

आता कोडचा क्रम आणि बागेतल्या कामाचा क्रम एकच झाला. फळांची यादी कुठेच लिहिलेली नाही, तरी दोन चिन्हांच्या मधून फळांचीच यादी जाते हे नावांवरून कळते. वाचनीयता टिकते ती यामुळेच. मधून काय वाहते याचा अंदाज येत नसेल, तर चिन्ह कितीही सुबक असो, कोड दुर्बोधच राहतो.

संयोजनाला साहचर्याचा नियम लागू आहे, म्हणजे टप्पे कसेही गटात बांधले तरी चालतात, म्हणून साखळीतले लागून असलेले कोणतेही दोन टप्पे उचलून त्यांना वेगळे नाव देता येते. उत्तर बदलत नाही. पाच-सहा टप्प्यांपुढे गेलेली साखळी अशी तोडावीच. क्रमनिरपेक्षता मात्र नाही, म्हणजे टप्प्यांची अदलाबदल चालत नाही. वरच्या उदाहरणात घे 60 आधी लिहिले आणि त्या ६० फळांत ७ डागी निघाली, तर पेटीत ५३ च फळे उरतील. तिन्ही टप्पे यादी घेऊन यादीच देतात, त्यामुळे कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत आणणारा प्रोग्राम) इथे काहीच बोलत नाही. ही चूक फक्त वाचणाऱ्याला किंवा चाचणीला सापडते.

हास्केलमध्ये नवशिक्यांना हमखास नडणारी ओळ अशी:

घे 60 . वजनाने_लाव . डागी_वगळ फळे

फंक्शनला आर्ग्युमेंट देणे हे टिंबापेक्षाही घट्ट बांधले जाते. त्यामुळे डागी_वगळ फळे आधी सुटते, तिथे फंक्शनऐवजी यादी येते आणि टाइपची (मूल्याच्या प्रकाराची) चूक मिळते. फळे या शब्दाआधी सर्वांत कमी अग्रक्रमाचे $ टाकले की ओळ चालते. एफ-शार्पमध्ये अडचण वेगळी: कुठल्याही प्रकारच्या यादीवर चालणारे फंक्शन नुसत्या >> ने बांधले, तर व्हॅल्यू रिस्ट्रिक्शनची चूक येऊ शकते, म्हणजे कंपायलर त्या फंक्शनला सर्व प्रकारांसाठी खुले ठेवत नाही. आर्ग्युमेंट उघड लिहून आत |> वापरणे हा त्यावरचा साधा उपाय.

आर्ग्युमेंटचे नाव अजिबात न लिहिण्याच्या शैलीला पॉइंट-फ्री म्हणतात. एका आर्ग्युमेंटच्या फंक्शनांना ती शोभते. दोन आर्ग्युमेंटची फंक्शन आली की हास्केलमध्ये (.) . (.) असली रचना करावी लागते, ती लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने उलगडत नाही. अशा वेळी नाव लिहून टाकणेच योग्य. टप्पा अपयशी ठरू शकत असेल, उदाहरणार्थ एखाद्या फळाचे वजनच नोंदलेले नसेल, तर साधे >> पुरत नाही; हास्केलमध्ये तिथे अपयशी ठरू शकणारे टप्पे जोडणारे >=> लागते.

दोष शोधताना |> सोयीचे, कारण दोन टप्प्यांच्या मधे मूल्य छापून तेच पुढे देणारे फंक्शन घालता येते. एलिक्सिरचे आयओ.इन्स्पेक्ट नेमके हेच करते. १.१४ आवृत्तीपासूनचे डीबीजी तर साखळीच्या शेवटी लावले की प्रत्येक टप्प्याचे मूल्य दाखवते. बराच डेटा एकदाच पुढे सरकवायचा असेल तर |> वापरावे. तीच कृती दोन-तीन ठिकाणी लागणार असेल तर >> ने बांधून तिला पेटी_भर सारखे क्रियापदी नाव द्यावे.