बशीतली बुरशी आणि पायाची बुरशी

एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर, म्हणजे कातडीवरच्या बुरशीवर, ‘गोवा पावडर’ लावली जायची. नाव गोव्याचं, पण ही भुकटी निघायची ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून. तिच्यातल्या क्रायसारोबिन या द्रव्याने गुण यायचा. पण कातडीची आग व्हायची आणि कपड्यांना पडलेले डाग निघता निघत नसत.

पुढे टिकलं ते मोजूनमापून बनवलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांनी 6 टक्के बेंझोइक आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्लाचं मलम रूढ केलं. पहिलं आम्ल मुळात लोबानातलं, दुसऱ्याचं नातं विलोच्या सालीशी. एरंडेलापासून मिळणारं अनडेसिलेनिक आम्ल दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या चिखल्यांवर, म्हणजे पायाच्या बुरशीवर, वापरलं गेलं. ही औषधं झाडपाल्यातूनच आली, हे आज कुणाच्या फारसं लक्षातही नसतं.

1944 मध्ये लसणातलं ॲलिसिन हे बुरशी मारणारं द्रव्य वेगळं काढण्यात आलं. ओव्यातल्या थायमॉलसारखी द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतात, हेही प्रयोगशाळेत दिसलं. पण काचेच्या बशीत बुरशी मारणं त्या मानाने सोपं. तिथे द्रव्य थेट पेशीला भिडतं. पायावर त्याला जाड कातडीत मुरावं लागतं, शिवाय सुगंधी तेलं उडूनही जातात. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हे शब्द वाचले की मी आधी विचारतो: बशीत की माणसावर?

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या सुगंधी तेलाची कहाणी इथे बोलकी आहे. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियात चिखल्यांच्या 104 रुग्णांवर चाचणी झाली. 10 टक्के तेलाच्या क्रीमने खाज आणि सालपटं टोलनाफ्टेट या बुरशीनाशक औषधाइतकीच कमी झाली; रुग्ण खूश. मात्र नमुने तपासले तेव्हा टोलनाफ्टेट लावलेल्या 85 टक्के जणांची बुरशी गेलेली होती, तेल लावलेल्या फक्त 30 टक्क्यांची. नुसतं औषधविरहित क्रीम लावलेल्यांतही हा आकडा 21 होताच!

लसणातल्या अजोइनचे आकडे याहून देखणे आहेत. व्हेनेझुएलात 1996 मध्ये चिखल्यांच्या 34 रुग्णांपैकी 79 टक्के सात दिवसांत बरे झाले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता.

2002 मध्ये टी ट्री तेलाची पुन्हा परीक्षा झाली, या वेळी जास्त तीव्र द्रावणाची. 50 टक्के द्रावणाने 64 टक्के रुग्णांची बुरशी गेली, औषधविरहित गटात 31 टक्क्यांची. तेल लावणाऱ्यांपैकी चौघांच्या त्वचेचा मात्र चांगलाच दाह झाला. तेल बंद केल्यावर तो लवकर ओसरला.