मंडल चित्रांची पार्श्वभूमी : मठातून वहीत

मंडल काढायला शिकताना बहुतेकांच्या कानावर पहिली गोष्ट पडते ती ही, की ही हजारो वर्षांची ध्यानसाधना आहे. ते अर्धंच खरं. आकृती जुनी आहे. पण सुचेल तसं वर्तुळ भरत जायचं आणि त्यातून मनाला स्वस्थता मिळवायची, ही रीत जेमतेम शंभर वर्षांची.

मंडल म्हणजे घेरा. ऋग्वेदाच्या १० भागांनाही मंडलं म्हणतात, पण तिथे चित्राचा संबंध नाही. चित्र म्हणून मंडल बहरलं ते तांत्रिक परंपरांमध्ये, विशेषतः वज्रयान बौद्ध पंथात. तिथे ते देवतेच्या महालाचा वरून दिसणारा आराखडा असतं : मध्ये चौकोन, चार दिशांना चार दारं, बाहेर वर्तुळांची कडी. कालचक्र मंडलात ७२२ देवतांच्या जागा ठरलेल्या आहेत.

तिबेटी भिक्षू आधी रेषा आखतात, मग मधून बाहेरच्या दिशेने रंगीत वाळू भरतात. त्यासाठी चाकपुर नावाची निमुळती धातूची नळी असते आणि तिच्या अंगावर खाचा असतात. त्यांवरून दुसरी कांडी घासली की नळी थरथरते आणि टोकातून वाळू झरते. हात हलका ठेवला तर अगदी मोजके कण. काही दिवसांनी मंडल पुरं होतं, विधी होतो आणि सगळी वाळू झाडून वाहत्या पाण्यात सोडली जाते. या कामात कुणाच्या मनाला आलेली एकही पाकळी चालत नाही. हा फरक विसरला की इतिहासाचा घोळ होतो.

मोकळ्या मंडलाची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये झाली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी पहिलं मंडल १९१६ मध्ये रंगवलं. १९१८-१९ मध्ये लष्करी सेवेत असताना ते रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार चित्र काढत आणि त्या-त्या दिवशीची मनाची अवस्था त्यात वाचत. पुढे रुग्णांच्या चित्रांतही त्यांना हाच आकार दिसू लागला. चित्रोपचारात आणि नंतर रंगवायच्या वह्यांत मंडल पोचलं ते या वाटेने.

त्याने खरंच बरं वाटतं का? २००५ मध्ये कर्री आणि कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना मंडल, काहींना चौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद रंगवायला दिला. वेळ २० मिनिटं. मंडल आणि चौकटी दोन्हींनी चिंता जवळपास सारखीच उतरली, कोऱ्या कागदाने तेवढी उतरली नाही. २०१२ च्या फेरप्रयोगात मंडल चौकटींपेक्षा सरस ठरलं. आमच्या मते मोठा वाटा आखीव रचनेचा आहे : पुढे काय करायचं हे शोधावं लागत नाही, तरी लक्ष लागतं.

म्हणूनच आखणी नीट हवी. ८ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, आत १-१ सेंमी अंतराने बाकीची. सगळी एका बैठकीत काढावीत आणि कंपासच्या टोकाखाली चिकटपट्टीचा तुकडा लावावा. नाहीतर मधलं भोक मोठं होतं आणि वर्तुळं एकमेकांपासून सरकतात. आठ भाग पाडायला कोनमापक मधोमध ठेवून दर ४५ अंशांवर खूण करावी. कंपासने घेरावर टप्पे टाकत गेलं, तर प्रत्येक टप्प्याची अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटची पाकळी ४ मिलिमीटरने बिघडते. शाईने भरताना हाताऐवजी कागद फिरवावा, म्हणजे ओल्या रेषेवर तळवा घासत नाही. एका पाकळीत रेष वाकडी गेली तर खोडत बसू नये. उरलेल्या सातही पाकळ्यांत ती तशीच वाकडी काढावी.