107 टक्क्यांबाहेर गेला म्हणजे बादच?

फॉर्म्युला वनबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘पोलच्या वेळेहून 7 टक्के मागे राहिलात, की शर्यतीतून बाद.’ (पोलची वेळ म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची रांग ठरवणाऱ्या क्वालिफायिंग फेरीत पहिला आलेल्याची वेळ.)

खरा वाटतो, कारण 1996 ते 2002 हिशोब पोलच्या वेळेवरच व्हायचा. 2011 मध्ये नियम परतला तो क्यू-1 च्या, म्हणजे क्वालिफायिंगच्या पहिल्या टप्प्याच्या, सर्वोत्तम वेळेवर. तिथे 80 सेकंद लागले, तर मर्यादा 85.6. पोलची वेळ बहुधा त्याहून कमी असते, म्हणून मेसेजमधलं गणित उगाच कडक निघतं.

शिवाय मर्यादा चुकली तरी दार बंद होत नाही. सरावात पुरेसा वेग दाखवला असेल, तर पंच परवानगी देऊ शकतात. क्वालिफायिंगमध्ये गाडी ठोकलेला ड्रायव्हर रविवारी शेवटच्या रांगेत दिसतो, तो असाच.

पडताळायचंय? निकालपत्रकातली क्यू-1 ची सर्वोत्तम वेळ 1.07 ने गुणा, मग ग्रिडची, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेची, यादी उघडा.