लिबपीक्यू-डेव्ह आणि लिबपीक्यू५: एक बांधताना लागतं, दुसरं चालताना

खानापूरहून रोज रेल्वेने बेळगावला आमच्या ऑफिसात येणारा एक पोरगा परवा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. "दादा, बिल्ड व्यवस्थित झालंय बघा. मग कंटेनर सुरू केला की लगेच मरतोय कशाला?" स्क्रीनवर शेवटची ओळ होती: 'लिबपीक्यू.एसओ.५: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. डॉकरफाइलमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान कंटेनर नावाच्या बंद डब्यात कसं भरायचं ते सांगणारी फाइल) लिबपीक्यू-डेव्ह हे पॅकेज लिहिलेलं होतंच. "पॅकेज तर टाकलंय की," तो म्हणाला.

टाकलं होतं खरं, पण चुकीच्या टप्प्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारं पायथनचं सायकोपीजी२ सोर्समधून बांधायचं तर सी कंपायलरला हेडर फाइल्स (लायब्ररीत कोणती फंक्शन्स आहेत ते सांगणाऱ्या) लागतात आणि बिल्डला पीजी_कॉन्फिग (पोस्टग्रेसच्या फाइल्स कुठे आहेत ते सांगणारा छोटा प्रोग्राम). डेबियन या लिनक्समध्ये ते लिबपीक्यू-डेव्हमधून मिळतं. नसलं तर बिल्ड तिथंच अडतं आणि 'पीजी_कॉन्फिग सापडत नाही' असं स्पष्ट सांगतं. एकदा बांधून झालं, की हेडरचं काम संपलं. पुढे प्रोग्राम चालताना दर वेळी लागते ती शेअर्ड लायब्ररी, म्हणजे लिबपीक्यू५. ती नसल्याची तक्रार बिल्ड करत नाही, कारण बिल्डच्या वेळी तो प्रोग्राम कुणी चालवतच नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कास्टिंग ओतायला पॅटर्न लागतो, पण तो गिऱ्हाइकाकडे पाठवत नाहीत. बेअरिंग मात्र पंपाबरोबर गेलंच पाहिजे.

गोंधळ होतो तो डेव्ह पॅकेज येताना लिबपीक्यू५ला गुपचूप सोबत आणतं म्हणून. एकाच टप्प्याच्या डॉकरफाइलमध्ये त्यामुळे सगळं चालतं आणि दोन्ही एकच आहेत असं वाटत राहतं. मग इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) हलकी करायला आपण मल्टी-स्टेज बिल्ड घेतो, म्हणजे एका टप्प्यात बांधून लागेल तेवढंच दुसऱ्यात नेतो (डॉकरमध्ये ही सोय २०१७ साली, १७.०५ आवृत्तीत आली), पहिल्या टप्प्यातलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजांचं फोल्डर) दुसऱ्यात कॉपी करतो, आणि सोबत आलेली लायब्ररी मागेच राहते. आमच्या पोराचं नेमकं हेच झालं होतं. दुसऱ्या टप्प्यात लिबपीक्यू५ची एक ओळ घातली आणि कंटेनर उभा राहिला. घाईत बरेच जण तिथंही डेव्हच टाकतात. काम भागतं, पण न लागणारं सामान प्रॉडक्शनमध्ये जातं. ते मला पटत नाही.

'अनएबल टू लोकेट पॅकेज', म्हणजे त्या नावाचं पॅकेजच सापडत नाही, हा प्रकार बांधताना आणि चालतानाच्या या दोन्ही चुकांत बसत नाही. डेबियनच्या इमेजमध्ये पॅकेजांची यादी रिकामीच येते, म्हणून यादी आणणारं अपडेट आणि इन्स्टॉल डॉकरफाइलच्या एकाच रन ओळीत लिहायचं. अपडेट वेगळ्या ओळीत ठेवलं तर डॉकरने साठवून ठेवलेली, कॅशमधली जुनी यादी वापरली जाऊ शकते.

काय राहिलंय ते शोधायला शेवटच्या टप्प्यात सायकोपीजी२च्या .एसओ फाइलवर एलडीडी (कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा. ज्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' दिसेल ती घाला. दोन्ही टप्प्यांची डेबियन आवृत्ती एकच ठेवा. डेबियनवर बांधलेलं अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सवर नेलं, तर तिथं डेबियनच्या ग्लिबसीऐवजी मसल ही वेगळी सी लायब्ररी असल्याने फाइल डोळ्यांसमोर असूनही 'नॉट फाउंड' येतं, आणि माणूस तासभर पाथ तपासत बसतो.

पण सगळंच एलडीडीला दिसत नाही. चालता चालता उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी त्यात येत नाहीत. डेबियन स्लिम या हलक्या इमेजमध्ये नसणारी सीए-सर्टिफिकेट्स (समोरचा सर्व्हर खरा आहे का ते पडताळायला लागणारी) तर लायब्ररीच नव्हेत, तरी त्यांच्याविना एचटीटीपीएस अडतं. म्हणून मी त्या पोराला शेवटच्या टप्प्यात आणखी एक रन ओळ घालायला लावली: पायथनने सायकोपीजी२ नुसतं इम्पोर्ट करायचं. आता लिबपीक्यू५ राहिलं तर बिल्डच लाल होतं, आणि इमेज सर्व्हरपर्यंत पोचत नाही.