सॉल्ट्स मिल

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ एअर नदीकाठी वसलेल्या सॉल्टेअर गावातील जुनी लोकर गिरणी. आज तिच्यात चित्रदालने, दुकाने, उपाहारगृहे आणि भाड्याने दिलेल्या कचेऱ्या आहेत. अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीच्या कापडावर धनाढ्य झालेल्या टायटस सॉल्ट (१८०३–७६) याने ब्रॅडफर्डमध्ये विखुरलेली आपली कामे एका आवारात आणण्यासाठी ती बांधविली आणि २० सप्टेंबर १८५३ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिचे उद्‌घाटन केले. लॉकवुड व मॉसन या वास्तुविशारदांनी तिला इटालियन धाटणी दिली. दक्षिणेकडील दर्शनी इमारत ५४५ फूट लांब आहे. आगीच्या भीतीने मजले ओतीव लोखंडी खांबांवर व विटांच्या कमानींवर तोलले होते, तर खडखडाट कमी व्हावा म्हणून यंत्रे फिरविणारे दांडे बरेचसे जमिनीखालून नेले होते. सुमारे १,२०० माग आणि तीन हजारांवर कामगार असा तिचा पसारा होता.

गिरणीलगत सॉल्टने आठशेहून अधिक घरे, शाळा, रुग्णालय आणि चर्च उभारले. दारूच्या गुत्त्याला मात्र गावात थारा दिला नाही. त्याची परोपकारी म्हणून ख्याती झाली व ती खोटी नव्हे, तथापि नोकरी आणि निवारा दोन्ही एकाच मालकाच्या हाती असल्याने कामगार किती मोकळा होता, हा प्रश्न उरतोच.

यॉर्कशरचा लोकर धंदा ढासळत गेला आणि १९८६ मध्ये गिरणी बंद पडली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डचेच व्यावसायिक जॉनथन सिल्व्हर यांनी ती विकत घेऊन तळमजल्यावर आपले मित्र व याच शहरात जन्मलेले चित्रकार डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचे दालन उघडले; त्याला गिरणीच्या स्थापनेवरून ‘१८५३’ हेच नाव दिले. बाकी जागेचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला भाड्याने दिला गेला. प्रवेशशुल्क न घेणारे दालन अशा अवाढव्य वास्तूत टिकले, याचे श्रेय चित्रांइतकेच या भाड्यालाही द्यावे लागेल. खांब, फरशी आणि उघड्या विटा फारशा न सजविता राखल्या आहेत. सिल्व्हर १९९७ मध्ये वारले. त्यानंतर कारभार त्यांच्या कुटुंबाकडे आला. युनेस्कोने २००१ मध्ये सॉल्टेअरला जागतिक वारसास्थळ ठरविले. हॉकनी यांचे नॉर्मंडीतील ऋतुचक्राचे सुमारे ९० मीटर लांबीचे चित्र २०२२ मध्ये येथील माळ्यावर सलग मांडता आले.