सार्वजनिक पेगन विधी (ब्रिटन)

ब्रिटनमधील आधुनिक पेगन पंथीय, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपीय देवतांना आणि निसर्गाला मानणारे लोक, ऋतुसणांच्या निमित्ताने जे सामूहिक धार्मिक विधी करतात, त्यांपैकी बाहेरच्या कुणालाही येण्याची मुभा असलेले विधी. विक्का (चेटूकविद्येला धर्म मानणारा आधुनिक पंथ) आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांवरून नाव घेतलेला आधुनिक पंथ) या दोन परंपरांचे लोक ते मोठ्या प्रमाणावर करतात. हीदन, म्हणजे थॉर, ओडिन आदी जर्मानिक देवतांचे उपासक, यांची रीत थोडी वेगळी आहे. विधी सार्वजनिक उद्यानात, रानाच्या कडेला, भाड्याच्या सभागृहात किंवा एव्हबरीसारख्या प्राचीन अश्मवर्तुळात होतो. बहुधा देऊळ नसते, गाभारा नसतो आणि प्रेक्षकांसाठी वेगळी जागाही नसते. नवख्या माणसाने आधी हेच लक्षात घ्यावे: वर्तुळात जो उभा राहिला तो विधीत सामील झाला. वागण्याबोलण्याचे बहुतेक संकेत यातूनच आलेले आहेत.

पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये १७३५ चा जादूटोणाविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून विक्का पंथ लोकांसमोर आणला. रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये ड्रुइडांचा एक नवा संघ स्थापन केला. आज पाळल्या जाणाऱ्या आठ सणांच्या वर्षचक्राची घडण याच दोन गोटांत झाली. त्यातले काही सण आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या परंपरेतले आहेत, तर आठांचे एकत्रित चक्र विसाव्या शतकातले आहे. इतिहासकार रोनाल्ड हटन यांच्या संशोधनानंतर बहुतेक जाणते पेगन हे मोकळेपणाने मान्य करतात, आणि त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला बाध येत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा, तर सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ असा नोंदवला. ड्रुइडांच्या एका संघटनेला २०१० मध्ये धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मिळाली.

विधीचा क्रम. सण ३१ ऑक्टोबरचा साउइन असो की १ मेचा बेल्टेन, सार्वजनिक विधी सोयीसाठी बहुधा जवळच्या शनिवारी किंवा रविवारी ठेवतात. जमलेल्यांना सुरुवातीला कुणीतरी दहा-एक मिनिटे सगळे समजावून सांगतो: आज काय करणार, कोणते शब्द सर्वांनी म्हणायचे, पेल्यात काय आहे, मध्येच बाहेर पडायचे झाल्यास काय करायचे. हे सांगणे चुकवू नये. वेळेआधी पोहोचण्याचे खरे कारण हेच आहे, कारण एरवी विधी ठरल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू होणे नेहमीचेच.

मग वर्तुळ आखले जाते. विधी चालवणारी व्यक्ती काठी, अथामे नावाची काळ्या मुठीची सुरी किंवा नुसता हात पुढे धरून जमलेल्यांभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. तेवढ्या वेळेपुरती ती जागा देवळासारखी पवित्र मानतात. त्यानंतर चार दिशांना हाक घालतात: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. ज्या दिशेला हाक घातली जाते तिकडे सगळेच तोंड करून उभे राहतात, काही जण हात उंचावतात. नवख्याने शेजाऱ्याकडे पाहून वळावे, तेवढे पुरते. ड्रुइडांच्या विधीत बहुधा त्याआधी चारही दिशांना शांतीची घोषणा होते आणि पुढे सर्व जण मिळून ‘आवेन’ हा दैवी प्रेरणा या अर्थाचा शब्द लांबवत तीनदा म्हणतात. प्रत्येकाचा श्वास वेगळ्या वेळी संपतो, त्यामुळे आवाज एकदम न थांबता हळूहळू विरत जातो. पाच-पंचवीस माणसे उघड्या माळावर हे करतात, तेव्हा त्यांचा धर्म पुस्तकात वाचून जेवढा कळेल त्याहून पुष्कळ अधिक कळतो.

देवतांचे आवाहन झाले की मुख्य भाग येतो. साउइनला गेल्या वर्षभरात वारलेल्यांची नावे घेतात. ज्याला हवे त्याने आपल्या माणसाचे नाव उच्चारावे, न उच्चारले तरी चालते. इतर सणांना बी पेरणे, कविता, गाणे, ढोलाच्या तालावर फेर धरणे असे काही असते. शेवटी केक-पाव आणि पेय फिरते, दिशांना आणि देवतांना निरोप दिला जातो आणि वर्तुळ उघडले जाते. आवाहन केलेल्याचे विसर्जन केल्याशिवाय पूजा पुरी होत नाही हे मराठी घरात वाढलेल्याला नव्याने सांगायला नको. इथेही निरोपाआधी निघून जाणे बरे दिसत नाही.

मध्येच बाहेर पडावे लागले तर तसे सांगावे. आखलेली सीमा ओलांडण्याऐवजी विधी चालवणारे तिथे हाताने किंवा अथामेने ‘दार’ कापतात, माणसाला बाहेर सोडतात आणि दार पुन्हा मिटवतात. उशिरा आलेल्यानेही बाहेर थांबून कुणाची तरी नजर वेधावी. लहान मुले यातून बहुतेक ठिकाणी सुटतात. तास-पाऊण तास उभे राहणे झेपणार नसेल तर आधी कळवावे, खुर्ची मिळते.

पेला. नवख्यांना सगळ्यात जास्त अवघडल्यासारखे होते ते फिरता पेला हातात आल्यावर. त्यात वाईन, मीड हे मधाचे मद्य किंवा फळांचा रस असतो. न पिणाऱ्याने पेला कपाळाशी उंचावून किंवा थोडे पेय जमिनीवर सांडून पुढे द्यावा. याचा राग कुणी मानत नाही. उष्टे नको वाटणारे, व्यसनातून बाहेर आलेले, औषधे चालू असलेले असे लोक प्रत्येक मेळ्यात असतात. हीदनांच्या ब्लोट या विधीत आणि सुम्बेल या पानविधीत मात्र जपून असावे. तिथे शिंगाचा पेला हातात घेऊन देवतांना, पूर्वजांना स्मरतात आणि काही जण शपथ घेतात. अशी शपथ बांधील मानतात. इतरांनी घेतली म्हणून भिडेखातर आपणही घेऊ नये, पूर्वजांचे नाव घेऊन शिंग पुढे द्यावे.

छायाचित्रे आणि ओळख. विधी चालू असताना फोन खिशात ठेवावा. फोटो काढायचे असतील तर विधी संपल्यावर, ज्याचा काढायचा त्याला विचारून. याला कारण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘सैतानी अत्याचारां’च्या, म्हणजे सैतानपूजक गुप्त विधींत मुलांवर अत्याचार करतात अशा, आवया उठल्या. मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फॉन्टेन यांच्या १९९४ च्या सरकारी अहवालाने तसा पुरावा नसल्याचे दाखवले, पण आपला धर्म उघड झाला तर नोकरी जाईल, मुलांचा ताबा जाईल ही धास्ती अनेकांच्या मनात बसली ती बसलीच. आजही कित्येक जण विधीपुरते वेगळे नाव घेतात. कुणाला कुठे पाहिले हे तिसऱ्याला सांगू नये. वेदीवरील वस्तू, दुसऱ्याचा ढोल, काठी किंवा अथामे यांना न विचारता हात लावणेही असभ्य समजतात.

पोशाख आणि जागेची काळजी. झगा लागत नाही. गार्डनर यांच्या मूळ गटांतील नग्नतेची प्रथा सर्वश्रुत असली तरी ती खासगी गटांपुरती आहे, सार्वजनिक विधीत लोक कपड्यांतच असतात. ब्रिटिश हवा पाहता पावसाळी जाकीट आणि चिखलात चालणारे बूट यांना पर्याय नाही; फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या इम्बोल्कला तर दोन मोजे चढवावेत. सामायिक जेवणासाठी काहीतरी घेऊन जावे आणि त्यात काय घातले आहे ते चिठ्ठीवर लिहावे.

प्राचीन स्थळांवर मागे काही ठेवू नये. मेणबत्तीच्या आचेने दगड तडकतो, मेण आणि काजळी चिकटून राहते, झाडाला बांधलेली कृत्रिम धाग्याची चिंधी फांदीला काचते. भक्तीपोटी केलेली ही नासधूस आहे आणि जाणते पेगन स्वतः पिशव्या घेऊन ती साफ करतात. अर्पण करायचेच तर पाणी, किंवा एखादे गाणे.

स्टोनहेंज. बहुतेकांना ठाऊक असते ते इंग्लंडमधले हेच प्राचीन अश्मवर्तुळ. स्टोनहेंज प्राचीन ड्रुइडांनी बांधलेले नाही. त्याचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले आणि ड्रुइडांचे लिखित उल्लेख त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी सुरू होतात. १९८५ मध्ये तिथल्या उत्सवासाठी निघालेल्या भटक्या लोकांच्या ताफ्यावर पोलिसांनी बळ वापरले आणि पुढे कित्येक वर्षे उन्हाळी अयनदिनी (वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी) लोकांना तिथे फिरकू दिले गेले नाही. २००० पासून उन्हाळी अयनदिनाच्या रात्री प्रवेश विनामूल्य खुला असतो. दगडांवर चढणे, मद्य, काचेच्या बाटल्या आणि ड्रोन यांना बंदी आहे. काही वर्षी वीस-तीस हजार माणसे जमतात. सूर्योदय पाच वाजण्याच्या थोडा आधी होतो. दृश्य मोठे असते, पण एवढ्या गर्दीत विधी म्हणून काय चालले आहे ते नवख्याला धड दिसतही नाही. पहिल्या अनुभवासाठी एव्हबरी कितीतरी बरे: तिथे तिकीट नाही, दगडांपाशी जाता येते आणि ड्रुइडांचे मेळे सणासुदीला भर दुपारी होतात.

प्रवेश आणि सावधगिरी. थेट विधीला जाण्याआधी ‘मूट’ला जावे. मूट म्हणजे स्थानिक पेगनांची पबमध्ये भरणारी बैठक, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. माणसे कशी आहेत ते तिथे कळते. धर्मांतराची अट नसते, आपला धर्म सांभाळून येणारे पुष्कळ असतात. भारतीय पाहुण्याला चक्रांबद्दल किंवा देवीबद्दल प्रश्न विचारले जातात, आणि काही विक्का वर्तुळांत तर कालीचेही आवाहन होते. ते खटकल्यास गप्प उभे राहावे किंवा विधीनंतर शांतपणे बोलावे. उत्तरे देण्याची सक्ती कुणावर नाही. सभागृहाच्या भाड्यासाठी पाच-दहा पौंड मागणे रास्त आहे. दीक्षेसाठी पैसे घेणे मात्र पारंपरिक विक्कात निषिद्ध मानतात. जो दीक्षेचे पैसे मागतो, स्पर्शाला नाही म्हटल्यावर ऐकत नाही किंवा गुप्ततेच्या नावाखाली शरीरसंबंधाची अट घालतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, आणि मूटच्या आयोजकांना तसे स्पष्ट कळवावे.