जुन्या लष्करी रायफलींचा माग

जुनी लष्करी रायफल किती बोअरची आहे, ती कुठे आणि केव्हा घडली, पुढे कोणाच्या हाती गेली, हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून शोधून काढण्याचा अभ्यास. नाशिक जिल्ह्यात बंदुकीच्या अनेक पिढ्या येऊन गेल्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला. १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईक आणि त्यांचे भिल्ल साथीदार इंग्रजांशी लढले. दोन्ही महायुद्धांत देवळाली छावणीत गोऱ्या पलटणींची ये-जा होती आणि पुढे तोफखान्याचे विद्यालय आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आले.

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा असतात. त्यामुळे व्यास दोन निघतात, एक उंचवट्यांमधला आणि दुसरा खाचांच्या तळाचा. .३०३ हे नाव उंचवट्यांवरून पडले (७.७ मिमी), गोळी मात्र सुमारे ७.९ मिमी जाडीची असते. शिवाय वर्षानुवर्षांच्या साफसफाईने नळीचे तोंड झिजते, म्हणून तोंडाशी घेतलेल्या मापावर विसंबू नये. काडतूस बसते त्या घराचा साचा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूत काढला, तर खात्रीचे उत्तर मिळते. त्याआधी बंदूक रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे.

ब्राऊन बेस ही गुळगुळीत नळीची, .७५ बोअरची. १८५३ ची एन्फील्ड .५७७ ची, ठासणीची; चरबीच्या काडतुसांचा वाद पेटला तो हिच्यामुळे. स्नायडर त्याच बोअरची, पण मागून भरायची. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीने बोअर .४५० वर आणला आणि १८८८ च्या ली-मेटफर्डने .३०३ वर. मात्र १८५७ नंतर इंग्रजांचा देशी शिपायांवर विश्वास उरला नाही. त्यांना काही काळ आटे नसलेल्या बंदुका दिल्या गेल्या आणि पुढेही बरीच वर्षे गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार त्यांच्या वाट्याला आले. नळीवरचे इंग्लंडमधले साल म्हणूनच हिंदी शिपायाच्या वापराचे साल धरता येत नाही. १९१४ मध्ये मार्सेल्सला उतरलेल्या हिंदी फौजेच्या जुन्या रायफली बदलून तिथे नव्या ली-एन्फील्ड द्याव्या लागल्या.

लोक जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात ती ली-एन्फील्ड सर्वांत जास्त बोलते. दस्त्याच्या मुळाशी, लोखंडी पट्ट्याच्या उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे नमुन्याची आवृत्ती, असतो. ‘जीआरआय’ (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरे) आणि ‘इशापूर’ असेल तर ती बंगालमधल्या कारखान्याची. अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी इशापूर) असेल तर स्वातंत्र्यानंतरची. बाणाखाली ‘आय’ हा हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा ठसा. नळी, बोल्ट आणि संगीन अडकवण्याच्या टोपीवरचे नंबर जुळले नाहीत, तर भाग दुरुस्तीत बदलले गेले असावेत, आणि असे वारंवार आढळते.

इथे फसगत होण्याच्या दोन जागा आहेत. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरला निघालेली २ए रायफल दिसायला तशीच, पण बोअर ७.६२ मिमी. तिचे मॅगझिन चौकोनी, सरळ बाजूंचे असते. तिच्यावर महायुद्धाची कथा चिकटवणे चूक आहे. दुसरी, पोलीस व पहारेकऱ्यांसाठी आटे काढून .४१० ची केलेली एकबारी बंदूक.

युद्धातला वापर सिद्ध करणे मात्र अवघड. ठशातले साल सांगते ते एवढेच, की त्याआधी ती नव्हती. काडतुसाच्या बुडावरचे ‘केएफ’, म्हणजे खडकीचा कारखाना, आणि शेजारचे सालही तेवढेच सांगते. पहिल्या महायुद्धातल्या दस्त्यावरच्या पितळी चकतीवर पलटणीची खूण असेल तर तो मोठा पुरावा. ‘आमची बंदूक कुतच्या (पहिल्या महायुद्धातल्या, आजच्या इराकमधल्या) वेढ्यात होती’ असे घरचे सांगत असतील, तर ती चकती किंवा पलटणीचा कागद हवाच. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली रायफल पाहून जीव हळहळतो, कारण हे ठसे उथळ असतात आणि एकदा गेले की गेले.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार .३०३ ही निषिद्ध बोअरमध्ये मोडते. दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या पुराणवस्तू स्वरूपाच्या हत्याराला कलम ४५ मध्ये सवलत आहे. वाड्याच्या माळ्यावर एखादी सापडली, तर चाप ओढून न पाहता पोलीस ठाण्याला कळवावे आणि तिथेच ठशांची छायाचित्रे घेण्याची विनंती करावी.